किराण्याची वही आणि समजीविता

कोलियांच्या कक्करपत्त या गावी तथागत मुक्कामास असताना दीघजाणू नावाचा एक गृहस्थ त्यांच्या भेटीस आला. आम्ही बायकामुलांच्या संसारात राहणारी माणसे आहोत, आमच्या याच जीवनात उपयोगी पडेल असे काही सांगा, अशी त्याने विनंती केली. ही हकीकत अंगुत्तर निकायात आली आहे. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने मिळवावे, मिळवलेले राखावे, चांगल्यांची संगत धरावी आणि चौथी गोष्ट समजीविता, म्हणजे आपली मिळकत व आपला खर्च ओळखून समतोल राहणी ठेवावी. तराजू धरणाऱ्याला जसे पारडे किती खाली गेले व किती वर आले हे नजरेने कळते, तसे गृहस्थाला आपल्या जमाखर्चाचे कळले पाहिजे, असा दाखला त्यांनी दिला. मिळकत थोडी आणि खर्च मोठा असणारा माणूस उंबर खाणाऱ्यासारखा आहे. तो झाड गदागदा हलवतो, ढीगभर उंबरे पडतात, खातो चार आणि बाकी मातीत जातात. पण त्याच ठिकाणी तथागत दुसऱ्याही माणसाला दोष देतात. मिळकत बरी असून जो पोटाला चिमटा घेऊन जगतो, तो उपाशी मरेल असे लोक म्हणतात.

या दुसऱ्या वाक्याकडे आपले फार लक्ष जात नाही. संसारातील काटकसर म्हटली की कमी खाणे, असेच आपण समजून चाललो आहोत.

महागाई वाढली की आपल्या घरात पहिली काटछाट कशात होते ते पाहा. मोबाईलचा रिचार्ज चुकत नाही, पानटपरीवरची पुडी चुकत नाही, पाहुण्यांचा चहा चुकत नाही. आमटी मात्र पातळ होते, आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली डाळ कोणाच्या ताटात जाते हे ज्याचे त्याला माहीत आहे. सर्वांच्या मागून जेवायला बसणारी आई आणि वाढत्या वयाची मुलगी यांच्या वाट्याला भाकरी, चटणी आणि पाणी येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. असा वाचवलेला पैसा पुढे दवाखान्यात जातो. तेव्हा घरखर्च कमी करायचा तर तो ताटातून नव्हे, ताटात येईपर्यंतच्या वाटेवर करावा लागेल, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आपल्या समाजाला हा विचार नवा वाटण्याचे कारणही आहे. आपल्या आजा-पणजांनी धान्य विकत घेतले ते थोडेच. बलुत्याचे, येसकरीच्या भाकरीचे आणि मजुरीपोटी मिळालेले धान्य घरात येई. काय खायचे हे ठरवण्याचा अधिकारच नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे मागून खाणे सोडा, असे सांगितले, तेव्हा तो प्रश्न स्वाभिमानाचा होता आणि चुलीचाही होता. आपल्याच जिल्ह्यातील खामगावचे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्यापिण्याची सविस्तर नोंद केली आहे. तूप, दूध यांच्यावाचून स्वयंपाक कसा चालत असे, ते त्यात वाचावयास मिळते. विद्यार्थ्यांनी ते पुस्तक जरूर मिळवून वाचावे. आज पिशवी घेऊन आपण दुकानात जातो आणि आपल्या पैशाने आपल्याला हवे ते घेतो, ही गोष्ट दोन-तीन पिढ्यांपूर्वी साधी नव्हती.

आता त्या दुकानातला हिशेब पाहू. माझी नोकरी बँकेतील असल्यामुळे व्याजाचे आकडे रोज डोळ्यांसमोरून जातात. पण आपल्या घरात सर्वांत जड व्याज भरले जाते ते किराण्याच्या वहीवर, आणि त्याला कोणी व्याज म्हणत नाही. रोख घेणाऱ्याला दुकानदार दोन रुपये कमी लावतो, वहीवर घेणाऱ्याला छापील किंमत लावतो. भाव पाडून मागण्याचे तोंडही उधारीवाल्याला राहत नाही, आणि एका दुकानात बाकी असली की दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळणारी वस्तू घेता येत नाही. हा फरक शंभराला फक्त पाच रुपये धरू. महिन्याचा किराणा ४००० रुपयांचा असेल तर महिन्याला २०० रुपये जादा गेले. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, इथपर्यंतचे गणित कोणीही करील. पण माल महिनाभर थोडा थोडा नेलेला असतो. पहिल्या तारखेच्या साखरेची उधारी तीस दिवसांची, तर अठ्ठाविसाव्या तारखेच्या साबणाची दोनच दिवसांची. सरासरी उधारी पंधरा दिवसांची झाली. म्हणजे पंधरा दिवसांना पाच टक्के, वर्षाला एकशेवीस! या दराने कोणती बँक कर्ज देऊ लागली तर आपण तिच्या दारात मोर्चा नेऊ.

यात दुकानदाराला नावे ठेवण्याचा हेतू नाही. २०२० च्या टाळेबंदीत, त्याआधी २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात या वहीनेच अनेकांच्या चुली पेटत्या ठेवल्या. अडचणीच्या वेळी उधारी जरूर घ्यावी. बारमाही उधारी मात्र अडचणीमुळे नसते, ती एका महिन्याच्या अंतरामुळे असते. या महिन्याचा पगार मागच्या महिन्याच्या वहीत जातो, म्हणून या महिन्याचा माल पुन्हा वहीवर. हे एका महिन्याचे अंतर एकदा भरून काढले की ते कायमचे मिटते.

ते कसे भरावे? एकदम ४००० रुपये बाजूला काढणे मजुरी करणाऱ्या घराला शक्य नाही. मग एकेक वस्तू वहीतून उतरवावी. पहिल्या महिन्यात ठरवावे की तेल रोखीने घ्यायचे, बाकी सगळे वहीवर राहू द्या. दुसऱ्या महिन्यात तेलाबरोबर साखर-चहा. तिसऱ्यात डाळी. सहा-आठ महिन्यांत वही कोरी होते. दुसरा मार्ग बचत गटाचा. गटातून ४००० रुपये दरमहा दोन टक्क्यांनी दहा हप्त्यांत फेडायचे ठरवून घेतले आणि दुकानदाराची बाकी एकदम मिटवली, तर मुद्दल दरमहा ४०० ने कमी होत जाऊन दहा महिन्यांचे एकूण व्याज ४४० रुपये होते. त्याच दहा महिन्यांत रोखीच्या खरेदीने वाचतात २००० रुपये. जुलै २०२४ पासून पात्र महिलांच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये येऊ लागले. त्यांतील बरेचसे पैसे त्याच दिवशी दुकानाच्या बाकीत जातात. तसे जाण्यात वाईट काही नाही, फक्त बाकी मिटल्यावर त्याच हाताने नवी वही सुरू होऊ नये.

वर्षाला वाचणारे २४०० रुपये किरकोळ वाटतील. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये ठरवला आहे. त्या भावाने २४०० रुपयांची ६४ किलो ज्वारी होते.

घराला धान्य लागते तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहारसूत्रे जाहीर केली. त्यांनी मांडलेल्या दिवसाच्या ताटात माणशी २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला साडेसदतीस किलो धान्य लागेल. अंगमेहनत करणाऱ्याला याहून जास्त लागते, पण हिशेबाला हा आकडा पुरे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांना २५ किलो धान्य रेशनवर मिळते. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ते मोफत ठेवण्याचा निर्णय झाला आहे. उरली महिन्याची साडेबारा किलो, वर्षाची दीड क्विंटल. वहीच्या व्याजातून येणारी ६४ किलो ज्वारी म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांची भाकरी झाली!

रेशनबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. ही भीक नव्हे, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तरीही काही घरांत कार्ड नुसते खणात पडून असते. नव्या सुनेचे, जन्मलेल्या लेकराचे नाव कार्डात घालायचे राहते आणि दरमहा माणशी पाच किलो धान्य वर्षानुवर्षे जाते. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन नावे वाढवून घ्यावीत. आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की कार्ड आता कुठल्याही गावच्या दुकानात चालते, अंगठा जुळला की साखर कारखान्याच्या गावीही धान्य मिळते. मशीनमधून निघणारी पावती मागून घ्यावी आणि तीवरचा आकडा व पिशवीतले वजन ताडून पाहावे. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत आपला जिल्हा येतो. तेथील केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये ते १७० झाले. पाच माणसांचे ८५० रुपये खात्यात येतात, इतर पैशांत मिसळतात आणि धान्याचे होते म्हणून कोणाला आठवतही नाहीत. ते वेगळे मोजावेत.

आणखी एक. आमच्याकडे भात खात नाहीत म्हणून रेशनचा तांदूळ दारावर आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने विकण्याची सवय लागली आहे. हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तोट्याचे आहे. त्या पैशात त्याच्या निम्मीही ज्वारी येत नाही. तांदळाची धिरडी होतात, उडीद घालून घावन-इडली होते, ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा तांदूळ दळला तर भाकरी मऊ राहते. २०२४ पर्यंत रेशनच्या सर्व तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व असलेले दाणे मिसळण्यात आले होते. ते थोडे वेगळे दिसत म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा उठली आणि घरोघरी बायकांनी ते निवडून फेकले. ज्यांच्या अंगात रक्त कमी त्यांनीच लोहाचे दाणे उकिरड्यावर टाकले. शिकलेल्या मुलामुलींनी अशा वेळी घरात बोलले पाहिजे.

धान्यात वाचलेला पैसा कुठे घालायचा? डाळीत. वरच्याच हिशेबाने पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये लागतात. त्यांतील काही भाग अंडी-मांसाने भरून निघतो. तरी आपल्या घरात निम्मीही डाळ येत नाही, कारण डाळ म्हटली की आपल्याला तूरच दिसते. दुष्काळानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोपर्यंत गेली होती, तेव्हा लोकांनी डाळ खाणेच सोडले. मसूर व हरभरा बहुधा तुरीहून स्वस्त असतात. तुरीत निम्मी मसूर मिसळली तर आमटीची चव बिघडत नाही. बेसनाच्या पुड्यापेक्षा हरभरा डाळ गिरणीत दळून आणलेली बरी, पीठ चोख मिळते. हुलगा, मटकी, मूग भिजवून मोड आणले की शिजायला गॅसही कमी लागतो. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे हे गरिबाचे खाणे म्हणून आपण टाकले, ते आता शहरातल्या हॉटेलात पैसे मोजून खातात. भाजलेले धान्य, डाळी आणि मसाला यांचे येसर घरात करून ठेवले तर पाहुणे आले तरी आमटी दाट होते.

तेल हा दुसरा खड्डा. माणशी २७ ग्रॅम म्हणजे पाच जणांना महिन्याला चार किलो. यात शेंगदाण्याच्या कुटातले तेल धरलेले नाही. याहून जास्त तेल लागत असेल तर तो प्रश्न पैशाचा आणि छातीचाही आहे. तेल घेताना पिशवीवरचे वजन वाचावे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. पण बाजारात ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही तेवढ्याच फुगलेल्या दिसतात आणि आपण किंमत पाहून ‘हे स्वस्त’ म्हणून उचलतो. पुड्यावर दर किलोची वा दर ग्रॅमची किंमत छापण्याचा नियम आता झाला आहे, ती बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्यावीत. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याची गंमत तर सर्वांना माहीत आहे. किंमत पाचच राहिली, पुडा आतून लहान होत गेला.

या पाच रुपयांवरून आठवले. शाळेत जाताना दोन लेकरांच्या हातावर रोज पाच-पाच रुपये ठेवले की महिन्याचे ३०० होतात. त्यातून कुरकुरीत पुड्या येतात. अंडे सात रुपयांना धरले तरी ३०० रुपयांत चाळीसहून अधिक अंडी येतात, म्हणजे दोघांना महिन्याला वीस-वीस. आपला तालुका खव्यासाठी प्रसिद्ध, कुंथलगिरीचा पेढा दूरवर जातो. पण दूध भट्टीवर घालणाऱ्या घरातल्या लेकराला दूध दिसते ते चहात. रोज निदान एक पेला दूध विक्रीआधी घरासाठी काढून ठेवावे, असे मला वाटते.

भाजीबाबत फार लिहीत नाही. पावसाळ्यात तांदूळजा, पाथरी, घोळ, तरोटा रानात फुकट असतो. दारात एक शेवगा आणि एक कढीपत्ता एवढी जागा बहुतेकांकडे आहे. शेवग्याचा पालाही खावा, नुसत्या शेंगा नव्हेत. पालेभाजीबरोबर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. आठवडी बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त मिळते खरी, पण रोजंदारीवरून येणाऱ्या बाईला ती वेळ साधते तशी नोकरदारालाही साधायला हरकत नाही. पिशवी घेऊन बाजारात जाणे हे बायकांचेच काम, असे कुठल्याही सुत्तात लिहिलेले नाही.

तंबाखू-दारूच्या खर्चावर आपल्या स्मरणिकेत दरवर्षी लेख असतात. पाचवे शील सर्वांना पाठ आहे. सिगालोवाद सुत्तात संपत्ती गळून जाण्याची सहा दारे सांगितली आहेत, त्यांत मद्यपान पहिले आहे, एवढे सांगून पुढे जातो.

राहिली घाऊक खरेदी. रब्बी ज्वारी आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तूर त्याच्याही आधी. तेव्हा शेतकऱ्याला पैशाची गरज असते आणि भाव उतरलेला असतो. तोच माल श्रावणात दुकानातून दोन-दोन किलो घेतला की मधल्या सगळ्यांचा नफा आपण भरतो. एकट्याने दीड क्विंटल ज्वारीचे पैसे एकदम काढणे अवघड, म्हणून हे काम दहा-पंधरा घरांनी मिळून करावे. दहा बायकांनी एप्रिलपासून दरमहा २०० रुपये जमवले तर पुढच्या मार्चअखेर २४००० रुपये हाती असतात. ते बँकेत गटाच्या खात्यावर ठेवावेत, कोणाच्या घरात नकोत. खरेदी ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट करावी किंवा बार्शीच्या आडतीवर दोघा-तिघांनी जाऊन भाव पाहावा. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा भाव पाहायला बायकांनीच जावे, त्यांना दाणाही जास्त कळतो. माल आणायला मात्र एकच टेंपो ठरवावा, नाहीतर वाचलेले भाड्यात जाते.

साठवण नीट झाली नाही तर सगळेच किड्यांच्या पोटात जाईल. धान्य दोन-तीन कडक उन्हे देऊन, पूर्ण गार झाल्यावर कोठीत भरावे, गरम भरले तर आत पाणी सुटते. वाळलेला लिंबाचा पाला थरांत घालावा. कोठी भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत, त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

आपल्या संस्थेच्या पौर्णिमेच्या बैठकीला पन्नास-साठ कुटुंबे जमतात. माघ पौर्णिमेला ज्यांना ज्वारी-हरभरा हवा आहे त्यांची नावे आणि किलो लिहून घेतले तर फाल्गुनात खरेदी होऊ शकेल. हिशेबाची वही दोघींकडे असावी, एकीने लिहावे व दुसरीने तपासावे. माल वाटताना वजनकाटा सर्वांसमोर ठेवावा आणि पोते तोलण्याआधी रिकाम्या बारदानाचे वजन करून ते वजा करावे.